मर्डॉकची गाडी

शारजा, ५ जून २००९

अनुपमा,

काल फोन ठेवताना तू म्हणालीस, "दत्ता, तू बोलत नाहीस, भाषण करतोस. सांगायचं ते लिही, म्हणजे मला मध्येच थांबून चहा तरी पिता येईल." ठीक आहे. इथल्या मराठी माणसांनी ज्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याला घरातून लेखी म्हणणं मांडण्याचा हुकूम सुटला आहे. मांडतो.

आधी तुला हवी ती माहिती. फ्लॅट सोडला. मार्चमध्ये तू आणि शुभ्रा पुण्याला गेल्यावर त्या रिकाम्या हॉलमध्ये माझाच आवाज मला परत ऐकू यायचा, आणि अर्ध्या पगारात ते भाडं बसत नव्हतं. आता रोला भागात एका खोलीत जमालबरोबर राहतो. जमाल म्हणजे तोच, दापोलीकडचा, पाइपांवर गुंडाळायच्या इन्सुलेशनचा माल विकणारा. ऑर्डर घ्यायला म्हणून यायचा आणि तुझ्या थालीपिठासाठी बरोबर जेवणाच्या वेळेला यायचा. त्याचं कुटुंब गावी, माझं पुण्याला. वॉचमनच्या लेखी मी आता 'बॅचलर' आहे. ज्या टॉवरचा एसीचा चिलर प्लांट मी डिझाइन केला, त्याच्या डोक्यावरची क्रेन गेल्या थंडीपासून एकाच दिशेला तोंड करून उभी आहे. रोज सकाळी तिच्याखालून जातो. मंदीनं एकच भलं केलं, दुबईच्या रस्त्यावरची गर्दी कमी झाली.

आता तुझी बातमी. पॉलिटेक्निकनं तुला तात्पुरती म्हणून घेतलं, आणि तू लगेच शेवटच्या वर्षाच्या मुलींना घेऊन वाफेची गाडी बांधायला निघालीस. आनंद आहे. पण मला एक समजावून सांग. वाफेच्या सगळ्या इतिहासात तुला विल्यम मर्डॉकच कसा सापडला?

वाफ म्हटली की जेम्स वॉट, हे मी इथल्या मराठी मंडळात, गणपतीतल्या व्याख्यानात दर वर्षी सांगत आलो. ग्लासगोचा तो किरकोळ प्रकृतीचा, डोकेदुखीनं हैराण झालेला स्कॉटिश माणूस. विद्यापीठातलं जुन्या इंजिनाचं एक मॉडेल दुरुस्तीला आलं, आणि यानं पाहिलं की बरीचशी वाफ सिलिंडर पुन्हा पुन्हा तापवण्यातच वाया जाते. दर फेरीला गरम करायचं, दर फेरीला थंड करायचं! मग एका रविवारी हिरवळीवर फिरताना त्याला सुचलं: वाफ थंड करायची जागाच वेगळी ठेवा. एवढंच. या एका वाक्यावर जगाची चाकं फिरली. तुला हे पाठ आहे. पहिल्या रांगेत बसून तू ते ऐकलं आहेस, आणि माझं पाणी संपलं की ग्लास भरून ठेवला आहेस.

मर्डॉकही स्कॉटिश, मान्य. हुशार, मान्य. पण तो वॉटच्या कारखान्यातला नोकर. लाकडाची टोपी स्वतः लेथवर कातून, ती डोक्यावर घालून मुलाखतीला गेला आणि त्या टोपीवर त्याला नोकरी मिळाली! टोपीवर मिळालेल्या नोकरीचं व्याख्यान होत नसतं.

आणि हा प्रकाश कोण? तुझ्या छोट्याशा मेलमध्ये तो वारंवार येतो. "प्रकाशनं चाकं कातली." "प्रकाश म्हणाला बॉयलर पितळेचा करू." वर्कशॉप सांभाळतो असं लिहिलंस. सांभाळू दे. सहज विचारलं.

शुभ्राला सांग, बाबांना मराठीत उत्तर द्यायचं. परवा फोनवर मी अर्धा तास तिला अभ्यासाचं महत्त्व सांगितलं, आणि ती म्हणाली, "ओके बाबा, बाय."

दत्ता


शारजा, १० जुलै २००९

अनुपमा,

शुक्रवारी दुबईला मीना बाजारच्या मागच्या गल्लीत देवळाबाहेर चपला घालत होतो. मंडळाचा सेक्रेटरी शार्दूल समोरून आला, दोन्ही हात पसरून. मला वाटलं, गणपतीतल्या व्याख्यानाचं विचारतोय.

"अहो सर, काय गाडी! वहिनींनी कमाल केली! आमच्या सगळ्या ग्रुपला फॉरवर्ड झाला तो व्हिडिओ. आमच्या हिनं, ईश्वरीनं, तर ऑफिसात सगळ्यांना दाखवला."

मी म्हणालो, "कुठला व्हिडिओ?"

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी विनोद करत नाही. मग तो जास्तच हसला.

म्हणजे बर दुबईपासून शारजापर्यंत सगळ्यांनी पाहून झाल्यावर मी तो पाहिला, आणि तोही जमालच्या लॅपटॉपवर. तू लिंक पाठवली होतीस म्हणतेस. मी मेल उघडला नसेल. प्रकाशचं नाव विषयातच होतं.

परवा व्हिसाचे अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये एका अनोळखी बाईनं दुसरीला माझी ओळख कशी करून दिली, सांगू? "हे त्या वाफेच्या गाडीवाल्या अनुपमा मॅडमचे मिस्टर." मिस्टर! हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत ज्याचा आवाज माइकशिवाय पोचतो, तो माणूस कोणाचा तरी मिस्टर झाला.

बरं, व्हिडिओत तू काय म्हणतेस? "सूर्याभोवती ग्रह फिरावा तसा दातेरी चाकांचा जो जोड वॉटच्या नावावर आहे, तो मुळात मर्डॉकचा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. पेटंटवर नाव वॉटचं." आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून जराशी थांबतेस. तो थांबण्याचा प्रकार माझा आहे, अनुपमा. वाक्य टाकायचं, श्वास घ्यायचा, लोकांना मान हलवायला वेळ द्यायचा. हा तू पहिल्या रांगेत बसून उचललास.

मुद्द्यावर येतो. नोकरीत केलेलं काम मालकाचं. त्या काळी तोच रिवाज होता आणि आजही तोच आहे. माझ्या चिलर प्लांटच्या ड्रॉइंगवर माझं नाव कुठे आहे? कोपऱ्यात, बारीक अक्षरात. खाली सही दुसऱ्याची. मी रडलो? मी व्हिडिओ काढला? वॉटला तर साधा फिरता दांडा, क्रँकसुद्धा वापरता येईना, कारण त्याचं पेटंट दुसऱ्यानंच घेऊन ठेवलं होतं. त्याची कल्पना आपल्याच एका कामगारानं बाहेर फोडली, असं त्याला आयुष्यभर वाटत राहिलं. अशा माणसानं सावध राहू नये? ज्याला एकदा पोळलं आहे त्यानं ताकही फुंकून पिऊ नये?

गाडी मात्र बरी दिसली. पितळेचा बॉयलर, तीन चाकं, खाली स्पिरिटचा दिवा. पहिली फेरी छान मारली. दुसऱ्या फेरीत दमली, आणि तुझ्या त्या प्रकाशनं बोटानं ढकलली. मुली ओरडल्या, "सर, चीटिंग!" मला ते आवडलं.

ती का दमली, हे मी पहिल्यांदा पाहतानाच ओळखलं. पण तुझ्याकडे प्रकाश आहे. त्याला विचार.

दत्ता


शारजा, ७ ऑगस्ट २००९

अनुपमा,

हे पत्र कामाचं आहे, म्हणून थोडक्यात.

सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की इथला रेसिडेन्स व्हिसा आपोआप खलास होतो, हे तुला माहीत आहे. तुम्ही सोळा मार्चला निघालात. म्हणजे सोळा सप्टेंबरच्या आत तुम्ही दोघींनी एकदा इथे उतरून शिक्का मारून घ्यायला हवा. यंदा अर्ध्या शारजाच्या बायका हेच करताहेत. मुलांना घेऊन येतात, शिक्का घेतात, नवऱ्याचा फ्रीज साफ करतात, रडतात, परत जातात. एकदा व्हिसा गेला की पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि माझ्या आताच्या पगाराच्या दाखल्यावर फॅमिली व्हिसा मिळेल याची खात्री मला नाही. तेव्हा हा व्हिसा गेला म्हणजे तुझं इथलं घर गेलं, असं स्पष्ट समज.

दोघींचं दहा सप्टेंबरचं तिकीट काढलं आहे. परतीचं पंचवीसचं. जमाल ईदला गावी जाणार, तेव्हा खोली आपलीच.

तू विचारतेस, "गणपतीतच का येऊ नये? सगळे भेटतील." यंदा गणपती आणि रमजान एकत्र आलेत. मंडळाचं काही विशेष नाही. आरती, प्रसाद आणि घरी. मंदी आहे. व्याख्यान वगैरे ठेवतील असं वाटत नाही.

आणि पंधराला तुमचा अभियंता दिन आहे, ते माझ्या लक्षात आहे. प्रिन्सिपॉलांनी तुला बोलायला सांगितलं आहे, बाहेरचे पाहुणे येणार आहेत, गाडी सभागृहात चालवून दाखवायची आहे, आणि ते पाहून पुढे तुझं पद कायम करण्याचा विचार होईल. सगळं वाचलं. पण ते प्रकाशसुद्धा करू शकेल. गाडीला हाकणारा लागत नाही, असं तूच व्हिडिओत म्हणालीस.

व्हिसाचं गणित व्हिसाच्या तारखेनं चालतं, अभियंता दिनाच्या नाही. एवढा व्यवहार तुला कळतो.

दत्ता


शारजा, २९ ऑगस्ट २००९

अनुपमा,

तुझा एसएमएस मिळाला. "शुभ्राला ताप नाही. कधीच नव्हता. तिकीट रद्द कर."

खटला चालवायचा तर दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. माझी ऐक.

हो, काल मंडळात व्याख्यान होतं. हो, ते ठरलेलं होतं. जुलैअखेरीस शार्दूलचा फोन आला होता. मी पेनच हातात घेऊन बसलो होतो, विषय सांगायला. तो म्हणाला, "सर, व्हिसासाठी वहिनी येणारच असतील ना? मग गणपतीतच आणा. यंदा त्यांचंच ठेवू. गाडीसकट!"

माझं व्याख्यान, माझी खुर्ची, माझा विषय. आणि तो मला विचारत होता, वहिनींना प्रोजेक्टर लागेल का!

मी सांगितलं, शुभ्राला बरं नाही, ताप उतरत नाही, गणपतीत जमणार नाही. तोंडातून गेलं. तुला सांगितलं की व्याख्यानच नाही. तेही गेलं. मग शार्दूल म्हणाला, "अरेरे. मग तुम्हीच करा, सर." ते 'मग' अजून माझ्या कानात आहे.

ईश्वरी तापाची चौकशी करायला तुला थेट पुण्याला फोन करेल, हे मला सुचायला हवं होतं. वक्त्यानं आपल्या श्रोत्यांना कमी लेखू नये.

आता कालचं ऐक. रोजा सुटल्यानंतरची वेळ, मधल्या हॉलमध्ये गणपती, मोदकांचा वास, खुर्च्या बऱ्याच रिकाम्या. कितीतरी ओळखीची कुटुंबं कायमची परत गेली आहेत. मी वॉटवर बोललो. चांगलं बोललो. मग एक्झिटरच्या किश्श्यावर आलो. आठवतो ना तुला? दर वर्षी त्यावर हशा पिकतो.

मर्डॉकनं कॉर्नवॉलमध्ये आपल्या राहत्या घरात वाफेची छोटी गाडी केली, ती खोलीतल्या खोलीत पळवली. मग एक दिवस तो गाडी घेऊन लंडनला निघाला, पेटंट घ्यायला. वाटेत एक्झिटरजवळ समोरून येणाऱ्या घोडागाडीत नेमका कोण? वॉटचा भागीदार बोल्टन! "काय विल्यम, कुठे निघालास?" "कामाला माणसं मिळतात का बघायला, साहेब." बोल्टननं त्याला बोलतं केलं, चार गोड शब्द सांगितले, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत कॉर्नवॉलला पाठवला. इकडे वॉटनं स्वतःच्या पेटंटमध्ये वाफेच्या गाडीचं एक कलम आधीच घालून ठेवलं होतं. स्वतः मात्र गाडी कधी बांधली नाही.

इथे मी थांबतो. इथे लोक हसतात. काल कोणी हसलं नाही.

पुढे बसलेली ईश्वरीची मुलगी, शुभ्राच्या इथल्या वर्गातली, हात वर करून म्हणाली, "अंकल, सो वॉट वॉज जस्ट जेलस?"

मी तिला सांगितलं, बाळ, इतिहास इतका सोपा नसतो. भांडवल असतं, जोखीम असते, जास्त दाबाच्या वाफेची भीती असते, बॉयलर फुटतात, माणसं मरतात, कारखाना चालवायचा असतो. बराच वेळ बोललो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो... येस?"

तेव्हा सगळे हसले.

तुला काय वाटतं, मला हे सुचलं नव्हतं? दहा तारखेचं तिकीट मंडळाच्या व्याख्यानानंतरचं आणि तुझ्या अभियंता दिनाच्या आधीचं आहे, हे मला दिसत नव्हतं? मला तारखा कळतात. पण व्हिसा खरा आहे. सोळा सप्टेंबर मी तयार केलेला नाही. मी तुला घरी बोलावतो आहे. नवऱ्यानं बायकोला घरी बोलावणं हा गुन्हा कधीपासून झाला?

तिकीट रद्द करणार नाही. दहाला विमानतळावर येईन. तू ये.

दत्ता


शारजा, १० सप्टेंबर २००९

अनुपमा,

हे पत्र जमालच्या हाती देतो आहे. तो उद्या निघतो, आधी कोंढव्याला बहिणीकडे, कुलसुमकडे उतरणार आणि मग दापोलीला. बारा तारखेला तो तुझ्याकडे येईल. त्याला खायला घाल, रोजा सुटल्यावर.

आज तू विमानात बसणार नाहीस हे मला माहीत होतं, कारण तिकीट मी कालच रद्द केलं. रद्द करताना काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "सर, रीझन?" मी म्हणालो, "एक्झिटर." त्यानं 'पर्सनल' असं टाइप केलं.

झालं असं. परवा संध्याकाळी मी इथे येरझाऱ्या घालत जमालला माझी बाजू सांगत होतो. तो खजूर निवडत बसला होता. मी म्हणत होतो की तिचा हक्काचा व्हिसा आहे, तो वाचवायला मी धडपडतोय, आणि ती समजून घेत नाही.

जमाल म्हणाला, "दत्ताभाऊ, येक विचारू? तुमी भाभीला बोलावताय, का अडवताय?"

मी म्हणालो, "म्हणजे काय?"

"म्हणजे काय नाय. मला पन बायकोला बोलवायचं आसतं तेवा मी तारीख तिला विचारतो. तुमी तारीख काडली नि मग तिला सांगितली." मग बांगेची वेळ झाली आणि त्यानं खजूर तोंडात टाकला.

मग तुझ्या पासपोर्टच्या झेरॉक्स काढून बसलो. व्हिसाचं पान इतकी वर्षं मी दर नूतनीकरणाला पाहिलं, वाचलं कधी नाही. व्यवसाय: गृहिणी, काम करण्याची परवानगी नाही. स्पॉन्सर: माझं नाव. आपण एका वर्गात होतो, अनुपमा. थर्मल इंजिनिअरिंगच्या पेपरात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. ते मी कोणालाच सांगत नाही, आणि तूही इथे कोणाला सांगितलं नाहीस. या कागदावर तू माझ्या पेटंटमधलं कलम आहेस. गाडी कधी बांधायची नाही, पण दुसऱ्या कोणी बांधू नये म्हणून घालून ठेवलेलं.

हे लिहून मी मोठा झालो असं समजू नकोस. मला हेवा वाटतो. आजही वाटतो. सहा महिन्यांत माझ्याकडून घर गेलं, पगार गेला, टॉवर अर्धा राहिला. एक मंच होता. त्यावर उभा राहिलो की मी कोणीतरी असायचो. तो तू मागितलासुद्धा नाहीस, आणि लोक तो उचलून तुझ्या दारात घेऊन आले. तू त्या लोकांना नाही म्हणाली असतीस तरी मला राग आला असता. हो म्हणाली असतीस तरी आला असता. यावर माझ्याकडे कुठलाही युक्तिवाद नाही, आणि माझ्याकडे युक्तिवाद नाही असं तुला पहिल्यांदाच लेखी मिळतं आहे. जपून ठेव.

आता गाडी. नीट वाच.

ती दमते, कारण तुमचा सिलिंडर थंड आहे. तुम्ही तो बॉयलरच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवला आहे, बांधायला सोपा पडतो म्हणून. पहिल्या फेरीत जोर असतो. मग आत आलेली वाफ पिस्टन ढकलण्याऐवजी भिंतीवरच पाणी होऊन बसते. व्हिडिओत दुसऱ्या फेरीला सिलिंडरच्या तोंडाशी पाण्याचे थेंब उडताना दिसतात. मर्डॉकनं आपला सिलिंडर अर्धा बॉयलरमध्ये बुडवून बसवला होता. ते आता या दोन-तीन दिवसांत होणार नाही. तेव्हा असं करा: जमालबरोबर काचेच्या लोकरीचा पट्टा पाठवतो आहे, तो सिलिंडरला आणि वाफेच्या नळीला घट्ट गुंडाळा, वरून सुती दोरी. बॉयलर काठोकाठ भरू नका, वर वाफेला जागा राहू द्या. आणि गाडी सोडण्याआधी ती हातात धरून, चाकं मोकळी फिरवत, सिलिंडरमधून थोडी वाफ जाऊ द्या. पाणी निघून जाईल. सिलिंडर हाताला चटका देईल इतका तापला की मगच जमिनीवर ठेवा.

आणि हे सूत्र कोणाचं? सिलिंडर आत येणाऱ्या वाफेइतकाच गरम राहिला पाहिजे, हे कोणाचं? वॉटचं! मर्डॉकची गाडी वॉटच्या वाक्यावर चालणार आहे. एवढं मला बोलू दे.

हे मला जुलैपासून माहीत होतं. सांगितलं नाही. कारण प्रकाशनं ती बोटानं ढकलली होती आणि तू त्याच्याकडे पाहून हसली होतीस.

सोळाला व्हिसा संपेल. संपू दे. इथलं तुझं घर गेलं असं मी लिहिलं होतं. ते घर मी जूनमध्येच सोडलं होतं, तुला विचारल्याशिवाय.

पंधराला बोलायला उभी राहिलीस की पहिलं वाक्य हळू म्हण. लोक खुर्च्या सरकवत असतात.

दत्ता


शारजा, २७ सप्टेंबर २००९

अनुपमा,

जमाल काल परतला. खोलीत शिरला तो खांद्यावर शाल घेऊन. शारजाच्या उकाड्यात! हातात नारळ.

"हे काय?" मी विचारलं.

"सत्कार," तो म्हणाला. "बारा तारखेला पट्टा द्यायला गेलो, तर तुमची लेक म्हनली, 'अंकल, यू हॅव टू कम.' मग काय, भनीकडं तीन दिस जास्त ऱ्हायलो."

तेव्हा मी अभियंता दिनाचा व्हिडिओ पुन्हा लावला. माझा तो गाडीच्या फेऱ्यांपर्यंत पाहून झाला होता. किती वेळा ते विचारू नकोस. गाडी पहिली फेरी मारते, दुसरी मारते, तिसरी मारते. प्रकाश हात मागे बांधून उभा आहे, हे मी विशेष लक्ष देऊन पाहिलं. गाडी मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, तिच्यावर मुलींनी ठेवलेली लहानशी लाकडी टोपीसुद्धा पडत नाही. मुली किंचाळतात. पुढच्या रांगेतले पाहुणे उठून वाकून बघतात. तू बोलायला येतेस, पहिलं वाक्य हळू म्हणतेस, आणि सगळं सभागृह तुझ्या मुठीत येतं. वॉटचं सूत्र सांगतेस, वॉटचं नाव घेऊन सांगतेस. त्याबद्दल आभार.

मग म्हणतेस, "गाडी दुसऱ्या फेरीत थांबत होती. ती अडचण सुटली ती शारजाहून इथवर आलेल्या जमालभाईंमुळे." आणि टाळ्या! तो उठून उभा राहतो, हात जोडतो, लाजतो. शाल. नारळ.

अनुपमा, मी खुर्चीतून उठून स्क्रीनला म्हणालो, "अगं, माझं नाव!"

जमाल पाठीमागून म्हणाला, "मी बोललो व्हतो त्यांना. स्टेजवर चढायच्या आदीच बोललो, भाभी, आयडिया समदी दत्ताभाऊंची हाय, मी नुसता हमाल. भाभी बोलली, 'माहीत आहे मला, जमालभाई. तुम्ही फक्त उभे राहा.'"

माहीत आहे मला!

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव असल्याचं मला दुःख नाही, असं मी तुला जुलैमध्ये लिहिलं होतं. ते खोटं होतं. भर सभेत आपलं काम दुसऱ्याच्या खांद्यावर शाल होऊन बसलेलं बघणं म्हणजे काय, हे मी मर्डॉकवर दहा व्याख्यानं दिली असती तरी मला कळलं नसतं. तू एका वाक्यात शिकवलंस, आणि मग थांबलीस. माझ्यासारखीच थांबलीस.

पद कायम झाल्याची बातमी ईश्वरीकडून कळली. तुझ्याकडून कळली असती तर बरं वाटलं असतं, पण तुझ्या बातम्या मी कशा ऐकतो हे तुला ठाऊक आहे. अभिनंदन. हा शब्द लिहायला मला सगळ्या पत्रात सर्वांत जास्त वेळ लागला.

शार्दूलकडे गेलो होतो. ताप खोटा होता, हे त्याला आणि ईश्वरीला तोंडानं सांगितलं. ईश्वरी म्हणाली, "आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं हो, भाऊजी. तुमची वाट बघत होतो." जानेवारीच्या व्याख्यानाचं तुला रीतसर निमंत्रण येईल. गाडीसकट. तू व्हिजिट व्हिसावर येशील, स्पॉन्सर मंडळ. त्या कागदावर माझं नाव कुठेही नसेल, मी तपासून घेतलं. तारीख ते तुला विचारतील. यायचं की नाही, आणि आलीस तर मला भेटायचं की नाही, तेही तुला विचारतील. शुभ्राला विचारायची गरज नाही, तिनं मला फोनवर सांगून टाकलं, "बाबा, आय अॅम कमिंग, बट तुम्ही भाषण नाही करायचं." निम्मं मराठी होतं. प्रगती आहे.

भाषण करणार नाही. पण वक्त्याची ओळख करून द्यायचं काम मी मागून घेतलं आहे. शार्दूलनं दोन मिनिटं दिली आहेत आणि समोर घड्याळ ठेवणार म्हणाला आहे.

त्या दोन मिनिटांत थर्मलच्या पेपरात कोणाला जास्त मार्क होते ते मी सांगणार आहे. आणि तो पट्टा कोणी पाठवला, तेही सांगणार आहे. जमाल पहिल्या रांगेत शाल घेऊन बसणार असला तरी सांगणार आहे. तुला अडवायचं असेल, तर हॉलच्या वाटेवर मला कुठेतरी गाठ. मी हळूहळू चालत येईन.

तुझा,
दत्ता